सूत्रं येतात, उदाहरणं सुटतात, पण आलेख वाचता येत नाही: शाळेत सांख्यिकीची सुरुवात कशी करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सहावी ते आठवीच्या मुलांना सांख्यिकीची ओळख करून द्यायची आहे. मध्य (म्हणजे सरासरी), मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) आणि बहुलक (सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा) शिकवून झाले, स्तंभालेखही शिकवला. मुलं उदाहरणं बरोबर सोडवतात. पण ‘या आलेखावरून काय कळतं?’ असं विचारलं की वर्ग गप्प होतो, नाहीतर ‘हा स्तंभ सगळ्यात उंच आहे’ एवढंच उत्तर येतं. मग सुरुवात कशापासून करावी?

मला ही अडचण आलेखाची वाटत नाही. मुलांना आपण उत्तर काढायला शिकवतो, पण मुळात प्रश्न कुणाला पडलेलाच नसतो. ‘खालील सामग्रीवरून स्तंभालेख काढा’ असं म्हटलं, तर ती सामग्री, म्हणजे ते आकडे, कुणी गोळा केली, कशासाठी केली, कशी मोजली यातलं काहीच मुलाला माहीत नसतं. मग त्यातून काय कळतं हे ते कुठून सांगणार? म्हणून मी पहिले दोन-तीन तास एकही सूत्र सांगत नाही. आधी असा प्रश्न घेते ज्याचं उत्तर वर्गातल्या प्रत्येकाचं वेगळं येईल. सांख्यिकीचं बीज या वेगळेपणात आहे. सगळ्यांचं उत्तर सारखंच असतं, तर या विषयाची गरजच पडली नसती.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. मुलांना अपूर्णांक आणि शेकडेवारी नीट येत नसेल तर वृत्तालेखाला (वर्तुळाचे वाटे पाडून काढतात त्या आलेखाला) हात लावू नका, नुसती कोनमापकाची कसरत होईल. वर्गात साठ मुलं असतील तर खाली सांगितलेला प्रयोग गटांत वाटावा लागेल. हाताशी तीनच तासिका असतील तर काय ठेवायचं आणि काय सोडायचं, ते शेवटी सांगते.

माझा आवडता प्रयोग तीस सेंटिमीटरच्या पट्टीचा. दोघांची जोडी करायची. एकाने पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवायची. दुसऱ्याने शून्याच्या खुणेजवळ अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवायची, पट्टीला स्पर्श न करता. पहिल्याने न सांगता पट्टी सोडायची, दुसऱ्याने पकडायची. बोटांजवळ जो आकडा दिसेल तो लिहायचा. पंधरा सेंटिमीटरवर पकडली तर प्रतिसादाला साधारण ०.१८ सेकंद लागले, वीसवर पकडली तर ०.२ सेकंद. हा हिशोब मुलांना नंतर सांगितला तरी चालतो, सेंटिमीटरच पुरेसे आहेत.

दोन मिनिटांत भांडणं सुरू होतात आणि ती मला हवी असतात. आकडा अंगठ्याच्या वर वाचायचा की खाली? सरावाची एक संधी द्यायची का? सोडणाऱ्याने ‘आता’ असं म्हटलं तर ते चालेल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पट्टी हातातून निसटलीच तर काय लिहायचं? कुणी म्हणतं ३० लिहा, कुणी म्हणतं शून्य, कुणी म्हणतं पुन्हा करू द्या. मी निर्णय देत नाही, वर्गाला ठरवायला सांगते आणि ठरलेला नियम फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते. ‘शून्य लिहिलं तर तो वर्गातला सगळ्यात चपळ ठरेल’ हे बहुधा एखादं मूलच बोलून जातं. मोजण्याआधी मोजण्याचा नियम ठरवावा लागतो, ही गोष्ट त्या एका वाक्याने वर्गाला जितकी पटते तितकी माझ्या समजावण्याने पटत नाही. प्रयोगाला वेळ नसेल तर ‘तुमच्या घरात किती माणसं राहतात?’ एवढा प्रश्नसुद्धा पुरतो. आजी सहा महिने इथे आणि सहा महिने काकांकडे असते, तिला धरायचं का? शिकायला बाहेरगावी राहणाऱ्या भावाचं काय? सोपा वाटणारा प्रश्न लगेच अवघड होतो.

आता आकडे आले. समजा एका गटातल्या अकरा मुलांचे आकडे असे आहेत: १२, १४, १५, १५, १७, १८, १९, १९, १९, २२, २८. इथे मी तुमच्या ‘सगळ्यात उंच स्तंभा’कडे येते, कारण अडचणीची मुख्य गाठ इथेच आहे.

मुलांना मोकळं सोडलं आणि ‘हे चित्रात दाखवा’ म्हटलं, तर बहुतेक जण प्रत्येक मुलाचा एक स्तंभ काढतात. खाली नावं, वर सेंटिमीटर. अकरा मुलं, अकरा स्तंभ. हा आलेख चुकीचा नाही. त्यात सगळ्यात उंच स्तंभ २८ वाल्याचा असतो, म्हणजे सगळ्यात सावकाश पकडणाऱ्याचा. मग मी फळ्यावर १० ते ३० अशी आडवी संख्यारेषा काढते आणि प्रत्येकाला बोलावून आपल्या आकड्यावर एक टिंब काढायला सांगते. एकाच आकड्यावर दुसरं टिंब आलं तर ते पहिल्याच्या डोक्यावर चढतं. या चित्रात सगळ्यात उंच ढीग १९ वर होतो, तीन टिंबांचा. तेच आकडे, दोन चित्रं आणि ‘सगळ्यात उंच’ याचे दोन पूर्ण वेगळे अर्थ. पहिल्या चित्रात उंची म्हणजे मोजलेली किंमत, दुसऱ्यात उंची म्हणजे ती किंमत किती जणांची आली ते.

पाठ्यपुस्तकं या दोन्ही प्रकारच्या चित्रांना स्तंभालेखच म्हणतात आणि एकावरून दुसऱ्यावर कधी गेलो हे मुलाच्या लक्षातच येत नाही. म्हणून बहुलक विचारला की मुलं ‘३’ सांगतात, उत्तर १९ असताना. त्यांना व्याख्या पाठ असते, आलेखाचा उभा अक्ष काय मोजतोय हे माहीत नसतं. दोन्ही चित्रं फळ्यावर शेजारी शेजारी ठेवा आणि एका मुलाला विचारा, ‘पहिल्यात तू कुठे आहेस? दुसऱ्यात कुठे आहेस?’ दोन्हीकडे तो स्वतःला बोटाने दाखवू शकला की पुढचा रस्ता बराच सोपा होतो. एकच गोष्ट या विषयात सावकाश शिकवायची झाली तर मी ही निवडेन.

टिंबांच्या चित्रात आणखी एक गोष्ट नकळत शिकवून होते. १६ वर, २० वर, २३ ते २७ वर कुणीच नाही, तरी त्या जागा राहतात. वहीत स्तंभालेख काढताना मुलं रिकाम्या किमती गाळून १९ च्या शेजारी थेट २२ आणि त्याला चिकटून २८ काढतात. मग २८ वाला सगळ्यांपासून किती दूर आहे ते चित्रात दिसतच नाही. संख्यारेषेपासून सुरुवात केली की ही सवय लागत नाही.

यानंतर वाचन. गणितशिक्षणाच्या संशोधक फ्रान्सिस कर्सिओ यांनी १९८७ मध्ये आलेख वाचण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या. वर्गात प्रश्न विचारताना मला त्यांचा फार उपयोग होतो. पहिली पायरी, आलेखात जे लिहिलंय ते वाचणं: १९ वर किती जण? दुसरी, आलेखाच्या आत तुलना करणं: पंधरा किंवा त्याहून कमी आकडा आलेले जास्त की त्याहून जास्त आलेले? तिसरी, आलेखाच्या पलीकडे जाणं: आज गैरहजर असलेली मुलगी उद्या आली तर तिचा आकडा साधारण कुठे येईल? परीक्षेतले बहुतेक प्रश्न पहिल्या पायरीवरच थांबतात, म्हणून मुलंही थांबतात. ‘यावरून काय कळतं?’ हा प्रश्न एकदम तिसऱ्या पायरीवरचा आहे आणि फार मोघमही आहे. त्याऐवजी ‘उद्या येणारीचा आकडा ५० असेल का? १२ असेल का? कुठल्या दोन आकड्यांच्या मध्ये असेल असं तू पैजेवर सांगशील?’ असं विचारून बघा. गप्प वर्ग बोलू लागतो. आणि जे मूल ‘१५ ते २० च्या मध्ये असेल’ म्हणतं, त्याने मध्यवर्ती किंमत आणि पसरण या दोन्ही कल्पना सूत्राशिवाय वापरलेल्या असतात.

आता मध्य आणि मध्यक. मी मध्यक आधी घेते, पुस्तकात क्रम उलटा असला तरी. मुलांना आकड्याप्रमाणे ओळीत उभं करायचं, दोन्ही टोकांकडून एकेक जण खाली बसत जायचं, शेवटी जो उभा राहील तो मध्यक. वरच्या गटात सहावा मुलगा, १८ वाला. गट सम संख्येचा असेल तर दोघं उभे राहतात आणि त्यांच्या मधली किंमत घ्यायची, हे कुणाला समजावावं लागत नाही. फक्त ओळ लावण्याआधीच मधला आकडा उचलण्याची चूक वहीत फार होते, उभं राहून केल्यावर कमी होते.

मग मी त्या निसटलेल्या पट्टीकडे परत जाते. समजा २८ वाल्याच्या हातून पट्टी निसटलीच असती. त्याचा आकडा तीसच्या पुढे कुठेतरी, नेमका माहीत नाही. मध्यक काढता येईल का? येईल, तो ओळीत शेवटीच उभा राहणार, मधला मुलगा तोच, मध्यक १८. आणि मध्य? अकरा आकड्यांची बेरीज १९८, भागिले ११, मध्यही १८. पण एक आकडाच माहीत नसेल तर बेरीजच होणार नाही. दोन मापं का लागतात याचं याहून चांगलं कारण मला अजून सापडलेलं नाही.

मध्य शिकवताना सूत्राआधी ठोकळे घ्या. चार ढीग करा, २, ३, ५ आणि ६ ठोकळ्यांचे. एकही ठोकळा न वाढवता-घटवता सगळे ढीग सारखे करा. प्रत्येकी चार होतात. मुलं ठोकळे इकडून तिकडे सरकवतात तेव्हा मधल्या पातळीच्या वर असलेले जास्तीचे आणि खाली कमी पडणारे बरोबर जुळतात, हे त्यांना हाताने कळतं. ‘बेरीज करा आणि भागा’ हे नंतर सांगितलं की ते त्याच कृतीचं लिखित रूप वाटतं. मग उलटे प्रश्न घाला, कारण सूत्र पाठ आहे की कल्पना समजली हे उलट्या प्रश्नातच उघडं पडतं. पाच संख्यांचा मध्य ८ आहे, त्या कोणत्या असू शकतील? त्यांत सहावी संख्या घालायची आहे आणि मध्य बदलायला नको, कोणती घालाल? ४, ० आणि ८ चा मध्य किती? या शेवटच्या प्रश्नाला बरीच मुलं शून्य ‘नाहीच’ समजून बाराला दोनाने भागतात. रिकामा ढीग मेजावर एका कागदाने दाखवा, त्यालाही वाटा मिळाला पाहिजे, मग प्रत्येकी चारच येतात.

मध्य केव्हा दिशाभूल करतो हेही याच वयात दाखवावं. नऊ मुलांना शाळेत पोचायला लागणारी मिनिटं अशी धरा: ५, ५, ८, १०, १०, १०, १२, १५, ६०. बेरीज १३५, मध्य १५. पण नऊपैकी सात मुलं पंधरा मिनिटांच्या आतच पोचतात. मध्यक १० आहे आणि तो या गटाचं चित्र जास्त खरं उभं करतो. इथे ‘मध्य वाईट, मध्यक चांगला’ असं मात्र शिकवू नका. सगळ्यांचा मिळून एकूण किती वेळ प्रवासात जातो हे हवं असेल तर मध्यच कामाचा, मध्यकाला मुलांच्या संख्येने गुणून काहीच मिळत नाही. आणि ६० वाल्याला ‘चुकीचा आकडा’ म्हणून खोडूही देऊ नका. तो खरंच दूर राहत असेल. आधी चौकशी, मग निर्णय.

आणखी एक सापळा मोठ्या मुलांसाठी. एका तुकडीत २० मुलं, मध्य १२. दुसरीत ३० मुलं, मध्य १७. दोन्ही मिळून मध्य किती? जवळजवळ सगळे १४.५ म्हणतात. पहिल्या तुकडीची बेरीज २४०, दुसरीची ५१०, एकूण ७५०, भागिले ५०, म्हणजे १५.

आलेखांच्या प्रकारांवर मी फार वेळ घालवत नाही. स्तंभालेख आणि रेषालेख विल्यम प्लेफेअर यांच्या १७८६ च्या पुस्तकाने रूढ केले, वृत्तालेख त्यांनीच १८०१ मध्ये आणला, ही माहिती मुलांना आवडते, कारण या आकृत्या कुणीतरी कशासाठी तरी शोधल्या हे त्यांच्या डोक्यात आलेलं नसतं. निवडीसाठी एक कसोटी पुरते: वाचणाऱ्याने कशाची तुलना करायची आहे? आवडत्या खेळांसारखे वेगवेगळे गट असतील तर स्तंभालेख, काळानुसार बदल असेल तर रेषालेख, एका पूर्ण गोष्टीतले वाटे असतील तर वृत्तालेख. क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवलं की माणसाचा डोळा एकाच रेषेवरच्या उंचीची तुलना कोनांच्या किंवा क्षेत्रफळांच्या तुलनेपेक्षा जास्त अचूक करतो. म्हणून शंका असेल तिथे स्तंभ. आयतालेख, म्हणजे किमतींचे सलग गट (वर्ग) पाडून प्रत्येक गटाचा एक स्तंभ, तोही शेजारच्याला चिकटून, काढलेला आलेख, मात्र घाईने घेऊ नका. एकाच सामग्रीचे वर्ग एकदा पाचाचे आणि एकदा दहाचे करून दोन आयतालेख काढायला लावा. आकार बदललेला पाहून मुलांना कळतं की वर्ग पाडणं हाही आपलाच निर्णय असतो.

फसवे आलेख मुलांनाच काढायला लावा, फार शिकतात. ४८ आणि ५२ हे दोन स्तंभ शून्यापासून काढले तर जवळपास सारखे दिसतात. अक्ष ४६ पासून सुरू केला तर एकाची उंची २ आणि दुसऱ्याची ६, म्हणजे तिप्पट. चित्रालेखात दुप्पट दाखवायला माणसाचं चित्र उंचीने दुप्पट केलं की रुंदीही दुप्पट होते आणि चित्र चौपट जागा व्यापतं. एकदा स्वतःच्या हाताने असं काढलं की छापलेला आलेख दिसताच मूल आधी अक्ष बघतं.

इतिहासातल्या दोन गोष्टी मी दरवेळी सांगते. पहिली १८५४ ची, लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागातल्या कॉलऱ्याच्या साथीची. डॉ. जॉन स्नो यांनी प्रत्येक मृत्यू नकाशावर मांडला आणि मृत्यू एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेले दिसले. गोष्ट बहुतेक ठिकाणी इथेच संपवतात, पण मुलांना विचार करायला लावणारा भाग पुढे आहे. पंपाजवळच एक अनाथ-निराधारांची मोठी वसतिसंस्था होती. तिथे पाचशेहून जास्त माणसं राहायची, तरी मृत्यू अगदी थोडे. शेजारच्या दारूभट्टीतले कामगारही वाचले. का? वसतिसंस्थेची स्वतःची विहीर होती आणि कामगार पंपाचं पाणी पीतच नव्हते. नकाशात जिथे खुणा नाहीत तिथे बोट ठेवून ‘इथे का नाहीत?’ असं विचारा आणि थोडं थांबा. पुढे तो पंप बंद करण्यासाठी त्याचा दांडा काढला, पण तेव्हा साथ आधीच ओसरू लागली होती, हेही सांगा. पुराव्याची ताकद जेवढी आहे तेवढीच सांगायची सवय लागते.

दुसरी १९३६ ची, अमेरिकेतली. लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रं पाठवली, वीस लाखांहून जास्त परत आली आणि त्यावरून आल्फ लँडन हे उमेदवार जिंकतील असं जाहीर केलं. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते बऱ्याच अंशी टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले होते, म्हणजे मंदीच्या काळातले तुलनेने सुस्थितीतले लोक. शिवाय उत्तर पाठवणारे आणि न पाठवणारे सारखे नव्हते. ‘वाचनालयात उभं राहून मुलांना वाचन आवडतं का असं विचारलं तर?’ हा प्रश्न त्याला जोडा. नमुना (म्हणजे सगळ्यांऐवजी ज्यांना विचारलं ते लोक) मोठा असणं आणि नमुना योग्य असणं यांतला फरक सातवीच्या मुलालाही कळतो.

एक काळजी जरूर घ्या. वजन, गुण, घरची मिळकत असे आकडे वर्गात गोळा करू नका. आलेखात टोकाला असलेलं टिंब म्हणजे समोर बसलेलं एक मूल असतं. पट्टी पकडण्यासारखा, जिंकण्या-हरण्याने फरक न पडणारा विषय घ्या. आणि संगणक असेल तर पहिले आलेख तरी हातानेच काढून घ्या. स्प्रेडशीट विचाराल तो आलेख काढून देते, हजेरी क्रमांकांचा मध्यसुद्धा मागितला तर थांबवून समजावत नाही. आकडे शे-दोनशे झाले, हाताने करणं नुसती हमाली वाटू लागली, की संगणक आणा.

तीनच तासिका असतील तर पहिलीत पट्टी, नियम ठरवणं आणि टिंबांचं चित्र. दुसरीत दोन्ही प्रकारची चित्रं शेजारी ठेवणं, ओळीत उभं राहून मध्यक, ठोकळ्यांनी मध्य. तिसरीत डाव्या आणि उजव्या हाताची तुलना: दोन टिंबचित्रं एकाखाली एक, एकाच मापाच्या रेषेवर. मध्यांत एखाद्या सेंटिमीटरचा फरक असेल आणि दोन्हीकडची टिंबं १२ पासून २८ पर्यंत एकमेकांवर पसरलेली असतील, तर ‘उजवा हात जलद’ असं म्हणायचं का, यावर वर्गाला वाद घालू द्या. पुन्हा प्रयोग करून फरक टिकतो का बघणं ही त्यांचीच सूचना येते. वृत्तालेख, आयतालेख आणि सूत्रांचा सराव पुढे ढकला.

आणि समजलं की नाही हे तपासायला मी हा प्रश्न देते. अक्षांवर नावं नसलेले तीन आलेख. पहिल्यात सहा जवळपास सारख्या उंचीचे स्तंभ, दुसऱ्यात दोनच स्तंभ, एक फार उंच आणि एक छोटा, तिसऱ्यात मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरता ढीग. सोबत तीन शीर्षकं: सहावीतल्या मुलांची पूर्ण वर्षांतली वयं, सहावीतल्या मुलांची उंची, एक फासा सहाशे वेळा टाकल्यावर आलेले आकडे. जोड्या लावा, प्रत्येक जोडीचं कारण एका वाक्यात लिहा आणि दोन्ही अक्षांवर काय लिहायचं ते लिहा.